फुलाऱ्याची लेक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा चिटणीसांनी नुकताच घेतला आणि स्मरणिकेतही तो सविस्तर येणार आहे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी दुसऱ्याच एका विषयावर बोलणार आहे. विषय आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर, या टेबलावरच ठेवलेला आहे. ही गुलाबाची, निशिगंधाची आणि ग्लॅडिओलसची फुले आज पहाटे ज्या दुकानातून आली, ते दुकान माझ्या माहेरचे आहे. हे वाक्य या व्यासपीठावरून उच्चारायला मला फार वर्षे लागली. ती का लागली, हेच मला आज सांगायचे आहे.

गेल्या जून महिन्यात मी प्रवेश-अर्ज तपासत होते. आठवीत नव्याने दाखल होणाऱ्या एका मुलीच्या अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ‘खाजगी’ असे लिहिलेले होते. त्याआधी काहीतरी लिहून खोडलेले होते. कागद उजेडाकडे धरला तेव्हा खोडलेली अक्षरे वाचता आली: ‘फुलांची गाडी’. मुलगी समोरच उभी होती. तिच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक बारीक, आडवी, काळपट रेघ होती. ती कशाची, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. रोज हार बांधणाऱ्याच्या बोटाला दोरा कापतो, जखम भरते, पुन्हा कापतो, आणि अखेर तिथे अशी रेघ कायमची राहते. माझ्या वडिलांच्या बोटावर ती होती. माझ्याही बोटावर होती; शिकत गेले तशी ती पुसट होत गेली.

मी त्या मुलीला काही बोलले नाही. बोलण्याचा अधिकार मला आहे का, हाच प्रश्न होता. कारण चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी याच शाळेत, आठवीतच, याच रकान्यात मी ‘व्यापार’ असा शब्द लिहिला होता.

आमचे घराणे फुलाऱ्यांचे. आजोबा मराठवाड्यातल्या एका गावी देवळाला फुले पुरवीत. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे चार पैसे मिळवायचे तर माणसे याच शहराची वाट धरीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आधीच इथे स्थिरावलेली आमच्यासारखी कुटुंबे इथेच राहिली. रेल्वेतले कारकून, छापखान्यातले जुळारी, शिंपी, किरकोळ दुकानदार अशा लोकांनी वर्गणी काढून ही शाळा उभी केली. त्या वर्गणीच्या पहिल्या वहीत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, नाव आहे. रक्कम पाच रुपये. त्यापुढे कंसात ‘आणि समारंभाचे हार’ असे लिहिलेले आहे.

अण्णांची बसण्याची जागा जामबागच्या फुलबाजारात होती. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, मागे गोणपाटाचा पडदा, चार बादल्या आणि एक तराजू. पहाटे साडेतीनला ते घर सोडत. करंड्या उतरत, त्यांवरचे ओले फडके बाजूला होत आणि अंधारात मोगऱ्याचा वास रस्ताभर पसरे. आई घरी फुले निवडी. देठ तुटलेले झेंडू वेगळे, ते सुईने ओवायचे. देठ असलेली शेवंती वेगळी, ती दोऱ्याने बांधायची. दबलेली फुले वेगळी, त्यांच्या पाकळ्या करायच्या. मी आणि माझा धाकटा भाऊ दूर्वांच्या जुड्या बांधत असू.

सहा वाजता पुड्या घेऊन मी निघे. महिन्याचे पैसे ठरवून घरोघर फुलपुडी टाकण्याची पद्धत तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पळसाच्या पानात तगर, जास्वंद, दोन झेंडू, तुळस आणि बेल. सोमवारी बेल जास्त, मंगळवारी दूर्वा. मराठी वस्तीतली चाळीस घरे माझ्याकडे होती. पुडी दाराच्या कडीला अडकवायची आणि पुढे जायचे. त्या चाळीस घरांपैकी सहा घरांत माझ्या वर्गमैत्रिणी राहत. त्या घरांच्या पायऱ्या मी पावले न वाजवता चढत असे.

हैदराबादच्या फुलाऱ्याला एकच धर्म आणि एकच भाषा ठेवून भागत नाही. मराठी बाईंना वेणी हवी, तेलुगू बाईंना अबोली आणि मरवा घालून गुंफलेला मोगऱ्याचा सर हवा, मारवाडी शेठजींना गादीसाठी हार हवा. नामपल्लीच्या युसुफैन दर्ग्याला फुलांची चादर जाई. मुसलमान घरच्या लग्नाचा सेहरा गुंफायला रात्रभर चार माणसे लागत. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते. पण ते मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषांत हिशेब करीत, आणि ज्या भाषेत गिऱ्हाईक घासाघीस करी त्याच भाषेत नाही म्हणत. मोगऱ्याचा सर इथे ‘मूर’ या मापाने विकतात. मूर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, आपला हात. साहजिकच मूर माणसागणिक बदलतो. अण्णा उंच होते. दोन मूर मागणाऱ्या तेलुगू बायका मुद्दाम आमच्या फळीवर येत आणि आई म्हणे, ‘तुमच्या हाताने आपला तोटा होतो.’ ‘हात तर आखूड करता येत नाही,’ असे अण्णांचे उत्तर असे.

भाद्रपद अमावस्येपासून बतुकम्मा सुरू होई. तेलंगणाचा हा नऊ रात्रींचा फुलांचा सण 2014 साली राज्योत्सव झाला, पण बायकांचा तो कितीतरी पिढ्यांपासूनचा आहे. त्यात मान असतो माळरानावरच्या फुलांना: आपण ज्याला तरवड म्हणतो ते पिवळे तंगेडू आणि आपले कुर्डू म्हणजे गुनुगू. ताटात या फुलांचे थरावर थर रचतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ते सारे तळ्यात सोडतात. आमच्याकडचा भोंडला खेळून आलेल्या आईला हा सण परका वाटला नाही. पाटावरच्या हत्तीच्या जागी फुलांचा मनोरा, एवढाच काय तो फरक, असे ती म्हणे.

या धंद्याचे अर्थशास्त्र मला बी.ए.च्या पुस्तकाच्या पुष्कळ आधी कळले. माल सकाळी सोने असतो आणि रात्री कचरा. सकाळी रुपयाला दिलेला हार दुपारी बारा आण्यांना, दिवे लागल्यावर चार आण्यांना, आणि फळी आवरताना कोपऱ्यावरच्या देवळाला फुकट. पुढे शिक्षिका झाल्यावर मी नेदरलँड्समधल्या आल्समेर येथील फुलांच्या लिलावाविषयी वाचले. तिथे भाव वरून खाली उतरत जातो आणि जो पहिल्यांदा कळ दाबतो त्याला माल मिळतो. नाशवंत मालाचा लिलाव भराभर उरकावा, यासाठी ती योजना. बंगळूरलाही फुलांचे लिलाव केंद्र आहे. ते वाचताना मला अण्णांची फळी दिसत होती. तिथे काटा त्यांच्या मनात फिरत असे, इतकेच.

आणि काही नियम होते, ते कुठे लिहिलेले नव्हते. कालचे फूल आजच्या हारात मिसळायचे नाही. झेंडूवर पाणी मारून वजन वाढवायचे नाही. मयताच्या हाराला घासाघीस करायची नाही. समोरचा देईल ते घ्यायचे. उधारी बुडवणारे असत. एका मोठ्या उपाहारगृहाने सहा महिन्यांची सजावट करून घेतली आणि पैसे दिले नाहीत. त्या वर्षी दिवाळीला आम्हांला नवे कपडे झाले नाहीत. तरी त्या मालकाच्या आईचे निधन झाले तेव्हा हार आमच्याच फळीवरून गेला. अण्णा म्हणाले, ‘म्हातारीने कुठे बुडवले?’

अशा माणसाची मला लाज वाटत होती. हे वाक्य मी तयारी करून आलेले आहे, तरी उच्चारणे सोपे जात नाही.

आठवीतले स्नेहसंमेलन होते. कमानीला तोरणे बांधण्याचे काम दरवर्षीप्रमाणे अण्णांकडे होते. त्याचे ते पैसे घेत नसत. मी नाटकात होते. जरीचे परकर-पोलके घालून, गजरा माळून मैत्रिणींबरोबर कमानीखालून चालले होते. अण्णा शिडीवर होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, दातांत दोरा, खांद्यावर झेंडूच्या माळा. एका मैत्रिणीने विचारले, ‘हे तुमच्याकडचे ना गं?’ मी म्हणाले, ‘कोण? नाही.’ आणि पुढे गेले. मागे वळून पाहिले तेव्हा अण्णा माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी हाक मारली नाही. तोंड फिरवून ते गाठ मारत राहिले. घरी आल्यावर त्यांनी नाटक कसे झाले ते विचारले. दुसऱ्या वर्षी त्यांनी तोरणे माणसाकरवी पाठवली. त्यानंतर मी दहावी होईपर्यंत ते शाळेच्या फाटकातून आत आले नाहीत.

नववीच्या दसऱ्याला निराळेच घडले. दसरा म्हणजे फुलाऱ्याचा सुगीचा काळ. घरातला प्रत्येक हात लागतो. माझी सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि मी आठ दिवस शाळेत गेले नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी आमच्या वर्गशिक्षिका बाई जामबागला फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. अण्णा उठून उभे राहिले. बाईंनी रागाने काही म्हटले नाही. गोणपाट ओढून घेऊन त्या बसल्या, एक सुई मागून घेतली आणि झेंडू ओवू लागल्या. ओवता ओवता त्या मला समास विचारू लागल्या. तीन संध्याकाळ त्या आल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, ‘बाई, उद्यापासून ही शाळेत येईल. तुमच्या हाराला गाठी नीट बसत नाहीत.’ बाई हसल्या. उठताना त्या मला हळूच म्हणाल्या, ‘रकान्यात व्यापार लिहिलेस. फुलारी हा शब्द शुद्ध लिहिता येतो ना? दीर्घ री.’

शाळेत कोणाच्याच लक्षात आले नसेल, असे मी समजत होते. बाईंनी ते आठवीतच वाचले होते आणि वर्षभर मनात ठेवले होते.

मराठी शाळेत एक तसबीर नेहमी असते. आपल्याही सभागृहात ती आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यात फुलांचा धंदा आला, पेशव्यांच्या पुण्यात फुले पुरवण्याचे काम या घराण्याने केले आणि लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले. व्यवसायाचा रकानाच आडनाव होऊन बसला, आणि त्यांनी तो खोडला नाही. लहानपणी जोतीरावांना शाळेतून काढून मळ्यातल्या कामाला लावले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली ते पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, दाखल झाले. सात वर्षांनी, 1848 साली, पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली. सावित्रीबाईंच्या 1854 सालच्या कवितासंग्रहाचे नावही ‘काव्यफुले’ आहे. आठवीत मी या तसबिरीखालून रोज जात होते. वडिलांचा धंदा लपवून त्याच तसबिरीला हार घालण्याचा मान मी मिळवला होता, यातली विसंगती कळायला मला वय व्हावे लागले.

आता दुसरी गोष्ट. तिचे श्रेय मला नाही.

मी बी.एड्. करीत असताना अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. ज्या हाताने मूर मोजायचे तोच. भाऊ तेव्हा बारावीत होता, गणितात माझ्यापेक्षा हुशार. एका रात्रीत त्याने ठरवले. म्हणाला, ‘ताई, तुझे एकच वर्ष राहिले आहे. माझी पाच राहिली आहेत. हिशेब सरळ आहे.’ माझ्या नावापुढे एम.ए., बी.एड्. ही अक्षरे लागली ती त्या हिशेबाने. फुलांनी मला शिकवले आणि त्याच फुलांनी माझ्या भावाचे शिक्षण थांबवले. या शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर माझे नाव आहे. त्याचे नाही. फलक लावताना असे रकाने आपण करीत नाही.

पण तो शिकायचा थांबला नाही. त्याच सुमारास धंद्याचे रूप पालटले. 1991 नंतर पुण्याजवळ, बंगळूरला, होसूरला हरितगृहे उभी राहिली आणि लांब दांड्याची फुले बाजारात येऊ लागली. घाऊक बाजार जामबागहून गुडीमलकापूरला हलला. होसूरहून रात्रीच्या गाडीने पुठ्ठ्याच्या खोक्यांत गुलाब येऊ लागले, वीस-वीसच्या जुडीत, कळ्यांवर नालीदार कागद गुंडाळलेले. निलगिरीहून कार्नेशन, थायलंडहून ऑर्किड. सुट्या फुलांचा फुलारी या मालापुढे बावरून गेला. सुटे फूल वजनावर विकायचे आणि संध्याकाळी विसरायचे. दांड्याचे फूल आठवडाभर टिकवायचे असते, आणि ते टिकवणे हे शास्त्र आहे.

भावाने ते शास्त्र एकेक जुडी वाया घालवत शिकून घेतले. दांडी पाण्याबाहेर कापली की तिच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी वर चढत नाही. म्हणून पाण्याखाली, तिरपी, धारदार सुरीने कापायची. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची. ती कुजली की जंतू वाढून दांडीचे तोंड बुजते. जरबेराच्या दांडीवर बारीक लव असते आणि ती लवकर कुजते; तिला बादलीत चार बोटेच पाणी द्यायचे. गुलाब दोन ते चार अंश तापमानात आनंदाने राहतो, ऑर्किड मात्र तेवढ्या थंडीत काळे पडते. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच घ्यायचा, बाकीच्या घरी उमलतात. पिकलेल्या आंब्या-केळ्यांशेजारी कार्नेशन ठेवले की रात्रीत मिटते, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी सांगितली तेव्हा त्यांनी भावालाच वर्गावर बोलावले. बारावी अर्धी सोडलेला माणूस नववीच्या मुलांना केशाकर्षण शिकवून गेला. निशिगंधाची एक दांडी लाल शाईच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात. तासाभरात पाकळ्यांत लाल रेषा. तो तास मुले विसरली नाहीत.

मग 2020 साल आले. त्या वर्षी गुढीपाडवा आणि उगादी 25 मार्चला होते. मराठी घराला गुढीचा हार हवा, तेलुगू घराला दाराचे तोरण हवे. आमच्या दुकानाचा तो वर्षातला मोठा दिवस. चेवेल्ला आणि मोइनाबादकडच्या शेतकऱ्यांकडे झेंडू-शेवंतीची मागणी आधीच नोंदवलेली. 22 तारखेला शहर बंद झाले आणि पाडव्याच्या पहाटेपासून सारा देश बंद झाला. देवळे बंद, दर्गे बंद, लग्ने रद्द. शेतकऱ्यांनी तोडलेला माल दुकानात येऊन पडला होता. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो एवढेच म्हणाला, ‘ताई, वास येतोय.’ कुजणाऱ्या फुलांचा वास गोडसर असतो आणि तो भिंतीत शिरतो. पुढे काही महिने त्याने दुकानातल्या दोन पोरांचा पगार आईच्या पाटल्या गहाण टाकून दिला. शेतकऱ्यांना निम्मे पैसे दिले. म्हणाला, त्यांनी माझ्या शब्दावर फुले तोडली होती. अनेकांनी उभी शेवंती नांगरून टाकली. फुलांच्या नुकसानीची बातमी लहान येते, कारण फूल ही गरज मानली जात नाही. ज्यांच्या चुली त्यावर पेटतात, त्यांचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

अण्णा तोवर राहिले नव्हते. त्या आठमाही संध्याकाळची क्षमा मी त्यांच्याकडे कधी मागितली नाही. एकदा तोंड उघडले होते. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावरचा गजरा सारखा केला आणि विचारले, ‘आज शाळेत काय शिकवलेस?’

आता तुमच्याशी, पालकहो, थेट बोलते. माझी भाची याच शाळेत शिकली. पुढे तिने कृषी महाविद्यालयातून उद्यानविद्येची पदवी घेतली आणि नोकरी न पाहता वडिलांच्या दुकानात बसली. फेसाच्या हिरव्या विटांवर, ज्या कधी कुजत नाहीत, पुष्परचना करायचे तिने बंद केले. तारेची जाळी आणि केळीचे खुंट वापरते. प्लॅस्टिकच्या फुलांनी सजावटीचे निम्मे काम पळवले आहे, त्याच्याशी ती रोज झगडते. कधी जिंकते, पुष्कळदा हरते. दुकान टिकेलच, असे मी म्हणणार नाही. पण लग्नसमारंभात नातेवाईक मला विचारतात, ‘एवढे शिकून पोरगी फुलेच विकणार? आत्या मुख्याध्यापिका असून?’

हा प्रश्न शाळेला विचारलेला आहे, असे मी समजते. वडिलांचा धंदा सुटला म्हणजे मूल शिकले, असा एक हिशेब आपण नकळत मांडतो. मराठी माध्यमाविषयीही तोच हिशेब होतो: ते सुटले म्हणजे प्रगती झाली. आपले वर्ग पूर्वीसारखे भरत नाहीत, हे तुम्ही जाणता; मी त्याची सजावट करून सांगणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे. भावाला दुकानात बसावे लागले आणि भाचीने बसायचे ठरवले, या दोहोंत जे अंतर आहे ते शाळेने निर्माण करायचे असते. भाचीने उद्या दुकान सोडले तरी मला वाईट वाटणार नाही. तिने रकान्यात वडिलांचा धंदा खोडला, तर मात्र वाईट वाटेल.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तीन लहान गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली: पुढील वर्षापासून प्रवेश-अर्जातला ‘व्यवसाय’ हा रकाना एका शब्दापुरता राहणार नाही. तिथे तीन ओळी असतील: आपण काय काम करता, त्यात कोणते कौशल्य लागते, आणि ते मुलांना दाखवायला आपण एक तास शाळेत याल का. दुसरी: गुणवंतांच्या फलकाशेजारी एक वही ठेवली जाईल. ज्यांच्यामुळे आपण शिकलो आणि ज्यांचे स्वतःचे शिक्षण राहून गेले, अशांची नावे माजी विद्यार्थ्यांनी तीत लिहावीत. पहिले नाव मी आज सकाळी लिहिले आहे. तिसरी: शाळेच्या समारंभात पाहुण्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला जाणार नाही. एक ताजे फूल दिले जाईल, आणि ते शक्यतो आपल्याच एखाद्या पालकाच्या गाडीवरून घेतले जाईल.

त्या आठवीतल्या मुलीचे काय झाले, असे तुमच्या मनात असेल. फार काही झाले नाही. परवा या समारंभाच्या तोरणांसाठी मी तिच्या आईला निरोप पाठवला. आई आली, मुलगीही आली. कमानीवर माळा चढवताना शिडी कोणी धरायची, असा प्रश्न निघाला. मी धरली. वर मुलगी होती, दातांत दोरा घेऊन. तिच्या वर्गातल्या दोघीतिघी खाली उभ्या राहून पाहत होत्या. एकीने विचारले, ‘आम्हांलाही शिकवशील का?’ मुलगी काही बोलली नाही. सुई मात्र तिने खाली दिली.

समारंभ संपल्यावर या टेबलावरची फुले वर्गांत वाटून नेण्यात येतील. घरी नेणाऱ्यांसाठी एक सूचना: दांड्या बोटभर कापा, पाण्याखाली आणि तिरप्या. पाणी रोज बदला. रविवारपर्यंत टिकतील.